नीटनेटकं पाकीट

पाकीट चामड्याचं नसतं, हे मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण आमच्या समोरच्या दारातले दंतवैद्य अजूनही चारचौघांत सांगत असतात, की हिशेबनीस दुकानात गेले आणि म्हणाले, 'क्रिप्टो मावेल असं एखादं दाखवा.' हे धादांत खोटं आहे. मी त्या दुकानात गेलो होतो, पण छत्रीची तार बदलायला.

मामला आमच्या लेकीचा होता. ती मुलांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी चित्रं काढते. तिच्या एका दूरच्या गिऱ्हाईकानं तिचं मानधन नोटांत न देता नाण्यांत दिलं. म्हणजे ज्या नाण्याला काठ नाही, छाप नाही, खिशातून पडलं तर आवाजही नाही, अशा नाण्यांत. दोन वर्षांत ती बरीच साठली होती आणि त्यातून तिला स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता. जागा बघून झाली होती. उत्तरेला मोठी खिडकी होती आणि जागामालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

"आणि ही नाणी आत्ता आहेत कुठे?" मी फोनवर विचारलं.

"एका कंपनीच्या खात्यात."

"म्हणजे पैसे तुझे आणि खिसा दुसऱ्याचा? आणि तू अधूनमधून त्याच्या खिशाला बाहेरून हात लावून बघतेस?"

फर्निचरच्या कारखान्यात आयुष्यभर हिशेब ठेवलेल्या माणसाचं वाक्य असं मध्येच लागू पडतं. मग ती म्हणाली, "खरं आहे तुमचं. स्वतःच्या पाकिटात घ्यायला हवीत. पण बाबा, पाकीट माझ्याकडे राहील का?"

हा प्रश्न रास्त होता. या मुलीनं आजवर कित्येक छत्र्या, दोन फोन, एक सायकल आणि एकदा भर बाजारात स्वतःची आई हरवली आहे. आई सापडली. सायकल नाही.

"तुम्हीच सांभाळा," ती म्हणाली. "तुमच्याकडून आजवर काही हरवलेलं नाही."

एवढं ऐकून माणसानं फोन ठेवायचा असतो. मी तो ठेवला आणि आरशासमोर जाऊन थोडा वेळ स्वतःकडे बघितलं.

आता पाकीट निवडणं. हे मी मनातल्या मनात करणार होतो, पण ही गॅलरीत कपडे वाळत घालताना डॉक्टरांच्या बायकोला बोलून गेली आणि दहा मिनिटांत दंतवैद्य हातातला चहाचा कप घेऊनच हजर झाले. या गृहस्थांचा स्वभाव धंद्यानं घडवला आहे. समोरच्याचं तोंड उघडं असताना आणि त्याला बोलता येत नसताना सल्ला द्यायची त्यांना इतकी सवय आहे, की समोरचा बोलू लागला की ते चक्रावतात.

"गरम घेताय की गार?"

"चहा? गरमच."

"पाकीट हो, पाकीट! गरम म्हणजे इंटरनेटला जोडलेलं. फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये राहणारं. हाताशी असतं, पण चोराच्याही हाताशी. गार म्हणजे वेगळं छोटं यंत्र. काम असेल तेव्हा जोडायचं, एरवी कपाटात. माझं ऐकाल तर गार घ्या. दाताचंही तसंच आहे, गारच त्रास कमी देतं."

दाताचं बरोबर उलट आहे हे मला त्यांच्याच खुर्चीत बसून कळलेलं होतं. पण सल्ला चांगला होता. मी यंत्र मागवलं, आणि तेही थेट बनवणाऱ्याकडून. मधल्या माणसाकडून घेतलं तर त्यानं आधीच त्यात हात घातलेला असू शकतो, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. मधल्या माणसांबद्दल माझं मत पूर्वीपासून तेच आहे.

पार्सल घरी आलं नाही. पार्सल कचेरीतून बोलावणं आलं. तिथे खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली, मला वाचलं, आणि पुन्हा चिठ्ठी वाचली.

"पाकीट आहे."

"हो."

"आत रक्कम?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे?"

"म्हणजे घरी गेल्यावर घालणार. पण आत नाही घालता येत. रक्कम असते दुसरीकडेच. पाकिटात फक्त तिची किल्ली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाकीट रिकामं, त्यात रक्कम कधीच नसणार, आणि आत किल्ली. मग हे कुलपांच्या रकान्यात जाईल. कुलपांची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीतल्या गृहस्थांचं म्हणणं पडलं की ज्याला कडी नाही त्याला ते कुलूप म्हणू शकत नाहीत. शेवटी 'खेळणी व इतर' या रकान्यात सही करून मी माझ्या मुलीचा स्टुडिओ काखेत मारून घरी आलो.

यंत्र निघालं माझ्या अंगठ्याएवढं. दोन बटणं, स्वतःची बॅटरी, आणि पोस्टाच्या तिकिटावर पसरायला लाज वाटावी एवढा पडदा. खोक्याचं सील शाबूत होतं. मी भिंग लावून बघितलं, मग हिनं बघितलं, मग डॉक्टरांनी दातांचा छोटा आरसा आणून सीलची मागची बाजू बघितली. सुरुवातीला यंत्रानं एक गुप्त आकडा ठरवायला सांगितलं. मी आमच्या लग्नाची तारीख घातली. ही तेव्हा भाजी निवडत होती, म्हणून तिला सांगितलं नाही. नवऱ्याच्या मनात असा एखादा हळवा कोपरा आहे हे एकदम कळलं तर बायका पुढच्या मागण्या करतात.

मग ते शब्द आले.

पाकिटाची खरी किल्ली म्हणजे चोवीस साधे इंग्रजी शब्द. यंत्र मोडलं, हरवलं, पाण्यात पडलं, तरी ते चोवीस शब्द जवळ असले की नवं यंत्र घेऊन सगळं परत मिळतं. आणि ते दुसऱ्याला मिळाले की सगळं दुसऱ्याला मिळतं. म्हणून ते हातानं कागदावर लिहायचे. कॉम्प्युटरवर कधीही टाइप करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचे नाहीत. माहितीपत्रकात हे तीन ठिकाणी जाड ठशात होतं. डॉक्टरांना मी नम्रपणे दाराबाहेर काढलं.

पडद्यावरची अक्षरं मला दिसेनात, म्हणून ही वाचू लागली आणि मी लिहू लागलो. ही प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. कुठल्याही गोष्टीची यादी तिच्यासमोर आली की तिचा आवाज आपोआप हजेरीचा होतो.

"टायगर. टुमॉरो. सोप. अंब्रेला..."

"सावकाश."

"गडबड करू नका, पुढचा लिहा. छान तुकडी आहे हो. दोन-दोन बसवले तर बारा बाकं बरोबर भरतात."

ती चोवीस नावं संपवून ती भाजीकडे गेली. यंत्रानं माझी परीक्षा घेतली, अमुक क्रमांकाचा शब्द कोणता, तमुक क्रमांकाचा कोणता. मी कागदात बघून उत्तरं दिली आणि उत्तीर्ण झालो. लेकीनं तिकडून कंपनीच्या खात्यातली नाणी या पाकिटाच्या पत्त्यावर धाडून दिली. काम फत्ते.

पण तो कागद मला बघवेना. घाईघाईतलं अक्षर, दोन ठिकाणी खाडाखोड, आणि शब्द कसेही वेडेवाकडे. टायगरखाली टुमॉरो, त्याखाली साबण! कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं काही टेबलावर ठेवलं असतं तर मी ते चिमटीत धरून परत दिलं असतं. मी स्वच्छ जाड कागद घेतला, आखणी केली आणि सगळे शब्द ए पासून झेडपर्यंत अक्षरक्रमानं लावून सुंदर अक्षरात उतरवले. वर आंट, खाली झू. कच्च्या कागदाचे बारीक तुकडे करून, भिजवून, लगदा करून टाकला. पक्की प्रत झाल्यावर कच्ची ठेवायची नाही, हा आमच्या कारखान्याचा नियम होता आणि मी तिथून निवृत्त झालो असलो तरी नियम झालेला नाही.

पुढच्या रविवारी दुपारी सहज पाकीट कॉम्प्युटरला जोडून बघितलं, तर रकमेच्या जागी नुसती आडवी रेघ. आकडा नाही, शून्यही नाही. शून्य असतं तर मला समजलं असतं. शून्याशी माझा जुना परिचय आहे. रेघेचा अर्थ लागेना. लेकीला फोन लावावा, तर 'तुमच्याकडून आजवर काही हरवलेलं नाही' हे वाक्य कानात वाजू लागलं. मी इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला. पहिलाच आला तो लावला.

पलीकडून अतिशय अदबशीर आवाज आला. "सर, काळजी करू नका सर, तुमच्यासारख्या जाणकार सरांना असे प्रश्न पडणारच."

एका वाक्यात तीनदा सर. कारखान्यात मला एका वर्षात तीनदा कुणी सर म्हटलं नव्हतं. माणसाची अक्कल नेमकी कुठून गळते याचा कुणी शोध घेतला तर भोक तिथेच सापडेल. त्यानं मला एक लहानसा प्रोग्रॅम उतरवायला सांगितला. "तुमचा पडदा मला दिसला की मी इथूनच दुरुस्त करतो सर." मी उतरवला. पडद्यावरचा बाण माझ्या हाताशिवाय चालू लागला. आधी जरा दचकलो, पण तो इतका सफाईदार चालत होता की मी कौतुकानं हात मांडीवर ठेवून बसलो. आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसण्याचा तो माझा पहिला प्रसंग.

मग एक पान उघडलं. त्यात चोवीस चौकोन.

"फक्त पडताळणी सर. शब्द टाका."

"टाइप करायचे नाहीत असं जाड ठशात आहे."

"ते सामान्य ग्राहकांसाठी सर."

मी टाइप केले. लिहितानाही हात जड होतो आहे, पण केले. आंटपासून झूपर्यंत.

"सर, जुळत नाहीत. स्पेलिंग बघा."

"माझं स्पेलिंग?" मी ताठ बसलो. "अहो, लेखापरीक्षकांच्या पत्रातल्या चुका मी काढत असे!"

पुन्हा घातले. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं मला एकेक शब्द मोठ्यानं वाचायला लावला. चौथ्या खेपेला त्याचे सर कमी झाले. पाचव्या खेपेला तो म्हणाला, "आजोबा, डोकं लावा जरा!"

"तुम्ही आवाज खाली ठेवा," मी म्हणालो. "तुमच्या वरिष्ठांचं नाव सांगा."

एवढ्यात ही इस्त्री घेऊन आली. खोलीत विजेचा एकच प्लग चालतो, त्यावरून आमच्यात जुनी तेढ आहे. तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्या मांडीवरच्या दोन्ही हातांकडे बघितलं.

"अहो, बाण कोण हलवतंय?"

"मदतनीस आहेत."

"कुठे?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. तिनं भिंतीतली वायर उपटली, इंटरनेटच्या डबीची पण उपटली, आणि इस्त्री लावली. पडदा काळा झाला. फोनवरचा माणूस मला लिहायला न शोभणारं काहीतरी बोलला आणि त्यानं फोन ठेवला. त्या क्षणी, इस्त्रीतून वाफ निघावी तशी माझ्या अंगातून सगळी ऐट निघून गेली.

आवाज ऐकून डॉक्टर आलेच. "पाकीट आधी बघा! यंत्र उघडून बघा!"

मी गुप्त आकडा घालू लागलो. घाईत एक बटण दोनदा दाबलं गेलं. चूक. डॉक्टरांनी यंत्र ओढून घेतलं, "द्या इकडे. दिवसभर नसांतून सुया फिरवतो मी." त्यांचा हात स्थिर होता, पण बोट जाडं होतं. चूक. यंत्रावर आलं, आता शेवटची संधी.

"नीट सांगा आकडा," डॉक्टर म्हणाले.

मी खालच्या आवाजात म्हणालो, "लग्नाची तारीख. चौदा..."

"कुणाच्या लग्नाची?" इस्त्री थांबली. "आपलं पंधराला झालं."

"चौदाला."

"चौदाला तुमच्या मावसभावाचं. तिथे तुम्ही पंगतीत भांडलात. आपलं पंधराला."

परक्या माणसासमोर बायकोशी स्वतःच्या लग्नाच्या तारखेवरून वाद घालणं मला जमलं नाही. तिचं बरोबरही होतं. डॉक्टरांनी पंधरा घातले. यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि मग त्यानं जाहीर केलं की सुरक्षेसाठी सगळं पुसून ते कोरं झालं आहे. मी आकडा ठरवताना चौदाच घातले होते, हे आता सांगून उपयोग नव्हता. तरी सांगितलं. त्याचा वेगळा परिणाम झाला, तो घरगुती असल्यामुळे इथे देत नाही.

लेकीला फोन लावला. हिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मी एकेक गोष्ट सांगत गेलो. बाणाची, चौकोनांची, तारखेची.

"तुम्ही त्याला शब्द दिलेत," ती अखेर म्हणाली. तिचा आवाज लहानपणी सायकल गेली त्या दिवसासारखा झाला होता. "सगळे? ओळीनं?"

"ओळीनं म्हणजे अगदी व्यवस्थित. अक्षरक्रमानं लावून ठेवले होते मी."

"काय?"

"ए ते झेड."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग ती हसायला लागली, आणि तिला थांबता येईना. "बाबा! अहो, क्रम हीच तर किल्ली आहे! नुसत्या शब्दांचा काही उपयोग नाही. चोवीस शब्दांचे क्रम त्यानं जन्मभर लावले, त्याच्या नातवंडांनी लावले, तरी संपायचे नाहीत. चोराला तुम्ही गाभा काढून साल दिलीत!"

मी गळ्याखालचं बटण पुन्हा लावलं. डॉक्टर मान हलवत म्हणाले, "दूरदृष्टी आहे हो हिशेबनिसांची."

"आता तुम्ही फक्त मूळ क्रमाचा कागद काढा. तोच क्रम कोऱ्या यंत्रात घातला की झालं."

मी बटण परत उघडलं. "त्याचा लगदा केला."

हसू थांबलं. उत्तरेची खिडकी, तिच्यातून येणारा उजेड, तिथे ठेवायचं म्हणून लेकीनं हौसेनं आधीच घेऊन ठेवलेलं उतरतं टेबल, सगळं मला एकदम दिसलं. "असू दे बाबा," ती म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं. "मी अजून चित्रं काढीन."

"कशाला?" ही म्हणाली. ती शर्टाच्या बाहीला इस्त्री करत होती. "टायगर, टुमॉरो. दुसरं बाक, सोप, अंब्रेला. तिसऱ्यावर कॅमेरा आणि गार्लिक, त्याला मी जरा लांबच बसवलं, वास मारतो."

आम्ही तिघंही, म्हणजे फोन धरून, तिच्याकडे बघत राहिलो.

"काय बघताय? नवी तुकडी आली की पहिल्याच दिवशी बाकं पाठ करते मी. नाहीतर मुलं जागा बदलतात आणि एकमेकांच्या नावानं हजेरी देतात. घाला पटकन, मला अजून चादरी करायच्या आहेत."

कॉम्प्युटरला हात न लावता, यंत्राच्या दोन बटणांवर एकेक अक्षर पुढे सरकवत आम्ही शब्द घालू लागलो. एक शब्द म्हणजे एक बाही. ही सांगायची, मी माझ्या सुंदर कागदावर खूण करायचो, डॉक्टर बोटाऐवजी दात कोरायची काडी घेऊन बटण दाबायचे. शेवटचं बाक भरलं तेव्हा इस्त्रीचा ढीग संपला होता.

यंत्र म्हणालं, क्रम चुकीचा आहे.

"शक्य नाही," ही म्हणाली. मग डोळे मिटून पुटपुटत एकेका बाकाजवळून फिरली. चौथ्या बाकापाशी थांबली. "अगं बाई. हा लेझी पहिला आला होता. त्याला खिडकीशी जागा मिळत होती, दिवसभर बाहेर बघत बसला असता. म्हणून मी त्याला उठवून आत बसवला आणि खिडकीशी अंकलला."

"तू... शब्दांच्या जागा बदललीस?"

"शिस्त नको?"

या घरात मी एकटाच नीटनेटका आहे असं आजवर समजत होतो, त्या समजुतीला निरोप देत होतो.

लेझीला परत खिडकीशी बसवला. पुन्हा बारा बाकं. काडी मोडली, दुसरी घेतली. आणि यंत्रानं, कसलाही गाजावाजा न करता, आत यायला वाट दिली. फोनवर लेक इतक्या जोरात ओरडली की डॉक्टरांच्या बायकोनं पलीकडून विचारलं, "काढला का दात?"

दुसऱ्या दिवशी लेक स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आली. आधी तिनं ती रेघ बघितली आणि म्हणाली, "बाबा, पाकिटाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती, ती घेतली नव्हती एवढंच. पैसे कुठेच गेले नव्हते." मग तिनं यंत्रातून नव्या चोवीस शब्दांचं पाकीट केलं, नाणी जुन्यातून नव्यात हलवली, आमचा कॉम्प्युटर पुसून पहिल्यापासून नवा केला आणि सगळे पासवर्ड बदलले. मला तिनं एक वाक्य पाठ करायला लावलं: बाण आपण हलवायचा, दुसऱ्यानं हलवला की वायर. डॉक्टरांनी ते आपल्या दवाखान्यात भिंतीवर लावलं आहे. तिथल्या लोकांना ते दाताबद्दल वाटतं.

नव्या शब्दांच्या तिनं दोन प्रती केल्या. एक तिच्या बँकेच्या कपाटात. दुसरी जाड लिफाफ्यात घालून, लाख लावून माझ्यासमोर धरली. मी हात पुढे केला नाही.

"आईकडे दे," मी म्हणालो.

"आईच्या डोक्यात जुनी तुकडी आहे, तीच पुरे. हे तुमच्याकडेच. चोरानं तास घालवला आणि तुमच्याकडून त्याला काहीही मिळालं नाही, असं दुसरं कुणी आहे का आपल्याकडे?" लिफाफा तिनं माझ्या हातात ठेवला. "एकच अट. नीटनेटकं करायचं नाही."

महिनाअखेरीच्या आतच जागेची अनामत भरली. स्टुडिओत मी जाऊन आलो. उत्तरेचा उजेड खरोखरच चांगला येतो, फक्त टेबल जरा तिरपं ठेवलं आहे. बोललो नाही.

लिफाफा माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी घाईत ठेवला, त्यामुळे फायलींच्या कडेला काटकोनात न बसता थोडा वाकडा बसला आहे. रोज कपाट उघडतो, त्याच्याकडे बघतो, आणि दार लावून घेतो.